प्रोसेस मोजायची, तर कोणत्या वेळेतली?

लिनक्सच्या एका सर्व्हरवर एक प्रोसेस दहा दिवसांपूर्वी सुरू झाली आहे, असं धरू. इतके दिवस ती जवळजवळ निवांत होती. गेली पाच मिनिटं मात्र तिनं एक अख्खा कोअर अडवून धरला आहे. आता 'टॉप' चालवलं, तर तिच्यासमोर १०० टक्के दिसतील. त्याच क्षणी शेजारच्या खिडकीत 'पीएस' चालवलं, तर तिथे ०.० दिसेल. यांपैकी कुणाचंही चुकलेलं नाही. 'टॉप' पडदा मागच्या वेळी ताजा झाल्यापासूनचा वापर सांगतं. 'पीएस' मात्र त्या प्रोसेसनं जन्मापासून वापरलेला सीपीयूचा वेळ तिच्या एकूण आयुष्यानं भागतं. दहा दिवसांची १४,४०० मिनिटं होतात. त्यांतली पाच म्हणजे एका टक्क्याचा जेमतेम तिसावा हिस्सा, आणि एका दशांश स्थळापर्यंत छापताना तो शून्यच उरतो. एकच प्रोसेस, एकच क्षण आणि दोन्ही आकडे खरे. प्रोसेसवर नजर ठेवणारं छोटं टूल स्वतः लिहू पाहणाऱ्यानं सुरुवात इथून करावी, असं मला आग्रहानं सांगावंसं वाटतं. आकडा कोणत्या कालावधीतला आहे हे ठरलेलं नसेल, तर तो कितीही सुंदर आलेखात मांडला तरी वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. टूलचा पडदा, रंग, कोणती भाषा वापरायची, हे सगळं नंतर येतं. आधी काळ ठरवायचा.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. विल्यम लेफेव्हर यांचं 'टॉप' १९८४पासून आहे, हिशम मुहम्मद यांचं 'एचटॉप' २००४पासून आहे, विंडोजवर एनटी ४.०पासून, म्हणजे १९९६पासून टास्क मॅनेजर आहे. मग आणखी एक टूल कशाला? ही टूल्स उत्तम आहेत, पण ती पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी बनलेली आहेत. आत्ता काय चाललंय, या प्रश्नाचं उत्तर ती देतात. पहाटे तीन वाजता डेटाबेस का अडखळला, हे सकाळी दहाला 'टॉप' उघडून कळत नाही. नोंदी ठेवणारी साधनंही आहेत. 'एटॉप' ते काम करतं, आणि पन्नास-शंभर यंत्रांचा पसारा असेल तर 'प्रोमिथियस'सारखी व्यवस्था उभारणंच शहाणपणाचं. पण एकच यंत्र आहे आणि एकच प्रश्न छळतोय, अशी परिस्थिती कॉलेजच्या प्रयोगशाळेपासून छोट्या कार्यालयापर्यंत सर्रास दिसते. तिथे त्या एका प्रश्नाला बांधलेलं दोनशे ओळींचं टूल जास्त उपयोगी पडतं. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवा. 'रात्रीच्या बॅकअपच्या वेळी मेमरी कोण वापरतं?' हा प्रश्न झाला. 'सिस्टिमवर लक्ष ठेवायचं' हा प्रश्न नव्हे. त्यातून कालावधीही ठरत नाही आणि काय नोंदवायचं तेही ठरत नाही.

लिनक्सवर ही सगळी माहिती 'प्रोक' नावाच्या डिरेक्टरीत मिळते. प्रोसेसला फाइलसारखं वाचता यावं ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४मध्ये बेल लॅब्जच्या आठव्या आवृत्तीच्या युनिक्ससाठी मांडली होती. लिनक्सनं ती बरीच पुढे नेली. इथल्या फाइली डिस्कवर नसतात. तुम्ही वाचायला जाता त्या क्षणी कर्नेल त्यांतला मजकूर तयार करून देतं. प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची, म्हणजे पीआयडीची, एक डिरेक्टरी असते आणि तिच्यातल्या 'स्टॅट' या फाइलीत एकाच ओळीत पन्नासेक आकडे लागोपाठ लिहिलेले असतात. पायथनमधली 'पीएसयूटिल' ही लायब्ररी हे सगळं वाचून देते आणि विंडोज-मॅकवरही चालते, त्यामुळे रोजच्या कामाचं टूल तिच्यावरच बांधावं हे माझं मत. तरीही ही ओळ एकदा स्वतः वाचून पाहावी, कारण लायब्ररीनं दिलेला आकडा कशातून आला हे ठाऊक नसेल, तर तो कधी फसवतोय हेही ओळखता येत नाही.

या ओळीतली एक मेख जवळून पाहण्यासारखी आहे. पहिला आकडा पीआयडी, दुसऱ्या जागी कंसात प्रोसेसचं नाव, तिसऱ्या जागी तिची अवस्था सांगणारं एक अक्षर, चौदाव्या आणि पंधराव्या जागी अनुक्रमे स्वतःच्या कोडमध्ये आणि कर्नेलमध्ये गेलेला सीपीयूचा वेळ, बाविसाव्या जागी सुरू झाल्याची वेळ. नवशिका लगेच ओळ मोकळ्या जागांवर तोडतो आणि चौदावा तुकडा उचलतो. बहुतेक वेळा ते जमूनही जातं. पण नावात मोकळी जागा असू शकते, कंसही असू शकतो. तसं नाव आलं की पुढचे सगळे तुकडे एकेक घर सरकतात आणि टूल भलताच आकडा बिनतक्रार दाखवत राहतं. उपाय सोपा आहे: ओळीतला शेवटचा बंद होणारा कंस शोधायचा आणि त्याच्यापुढचाच भाग तोडायचा, मग अवस्था पहिली येते, सीपीयूचे दोन आकडे बारावा आणि तेरावा, सुरुवातीची वेळ विसावी. शिवाय हे नाव १५ बाइटांवर कापलेलं असतं, आणि कुठलीही प्रोसेस स्वतःचं नाव चालता चालता बदलू शकते. तेव्हा नाव दाखवायला वापरा, ओळख पटवायला वापरू नका.

आता मूळ मुद्दा. चौदाव्या-पंधराव्या जागचे आकडे टक्के नसतात. प्रोसेस सुरू झाल्यापासूनचा तो साचत गेलेला वेळ असतो, विजेच्या मीटरवरच्या आकड्यासारखा. बिल जसं मागच्या आणि चालू रीडिंगच्या वजाबाकीतून निघतं, तसाच सीपीयूचा वापर दोन वाचनांच्या फरकातूनच निघतो. टूलला त्यामुळे किमान दोनदा वाचावं लागतं, मधे थांबावं लागतं, आणि मागचं वाचन लक्षात ठेवावं लागतं. पहिल्या फेरीत सांगण्यासारखं काहीच नसतं. 'पीएसयूटिल'मध्येही मधला कालावधी न देता टक्के विचारले, तर पहिल्या वेळी ०.० मिळतं आणि ते निरर्थक असतं, असं तिच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. तुमच्या टूलनं अशा जागी शून्य छापू नये, आडवी रेघ छापावी. शून्य म्हणजे 'मोजलं आणि वापर नव्हता'. रेघ म्हणजे 'अजून मोजलेलं नाही'. नोंदवहीत या दोहोंची सरमिसळ झाली, की नंतर काढलेली प्रत्येक सरासरी खाली ओढली जाते.

भागाकार कशानं करायचा, यातही चूक होते. 'दोन सेकंद थांब' असं सांगितलं म्हणजे टूल दोनच सेकंद थांबतं असं नाही. यंत्रावर ताण असेल तर ते दोन पूर्णांक तीन दशांश सेकंदांनीही जागं होईल, आणि नेमका ताण असतानाच तर आपल्याला अचूक आकडा हवा असतो. दोननं भागलं, तर वापर पंधरा टक्के फुगून दिसतो. म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर घड्याळही वाचा आणि प्रत्यक्ष गेलेल्या वेळानं भागा. हे घड्याळ भिंतीवरच्या वेळेचं नको. नेटवर्कवरून वेळ जुळवली गेली की ते पुढे-मागे उडी मारतं. कधीच मागे न जाणारं 'मोनोटोनिक' घड्याळ जवळजवळ प्रत्येक भाषेत उपलब्ध असतं, ते घ्या. छेद आणखी एका बाबतीत स्पष्ट हवा. चार कोअरच्या यंत्रावर चारही कोअर वापरणारी प्रोसेस 'टॉप'मध्ये सहसा ४०० टक्के दिसते आणि टास्क मॅनेजरमध्ये १००. दोन्ही पद्धती चालतील, पण तुमची कोणती ते स्तंभाच्या मथळ्यातच लिहा.

मग कालावधी जितका लहान तितकं मोजमाप बारीक, असं म्हणता येईल का? इथे दुसरा आक्षेप येतो: दोन-दोन सेकंद थांबण्यापेक्षा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाला वाचावं, म्हणजे काहीच सुटणार नाही. याचं उत्तर त्या आकड्याच्या एककात आहे. 'स्टॅट'मधला सीपीयूचा वेळ टिकमध्ये दिलेला असतो आणि बहुतेक लिनक्सवर सेकंदाला १०० टिक धरतात, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात एकूण दहाच टिक मावतात. त्यामुळे टक्के येतील ते ०, १०, २० असेच उड्या मारत, मधलं काही येणारच नाही. एका सेकंदाच्या कालावधीत हीच पायरी एका टक्क्याची होते, पाच सेकंदांत टक्क्याच्या पाचव्या हिश्शाची. 'शेडस्टॅट' या फाइलीत नॅनोसेकंदांपर्यंतचा हिशेब मिळतो हे खरं, पण तोवर दुसरी अडचण पुढे येते. तीनशे प्रोसेसच्या फाइली सेकंदाला दहादा उघडून वाचणारं टूल स्वतःच यादीत वर चढतं. साध्या देखरेखीसाठी दोन ते पाच सेकंद आणि रात्रभराच्या नोंदीसाठी दहा ते तीस सेकंद, हा माझ्या मते समंजस पल्ला आहे.

लांब कालावधीची किंमत मात्र मान्य करायला हवी. दोन वाचनांच्या मधे जन्मून मेलेली प्रोसेस टूलला दिसतच नाही. हे काही क्वचित घडत नाही. एखादी शेल स्क्रिप्ट हजार फाइलींवर फिरताना प्रत्येक फाइलीसाठी दोन-तीन छोटे प्रोग्राम सुरू करते, आणि प्रत्येक प्रोग्राम वीस-तीस मिलिसेकंदच जगतो. मोठा प्रकल्प कंपाइल करतानाही तेच. अशा वेळी सीपीयू पूर्ण गुंतलेला असतो आणि तुमच्या यादीत मात्र कुणीच दोषी सापडत नाही. वाचणारा म्हणतो, टूल बिघडलं. यावरचा उपाय लहान टूललाही झेपणारा आहे, आणि माझ्या दृष्टीनं चांगलं टूल ओळखण्याची हीच खूण. 'प्रोक'च्या मुळाशी असलेल्या 'स्टॅट' फाइलीत संपूर्ण यंत्राचा सीपीयूचा हिशेब असतो. त्यातल्या 'यूजर', 'नाइस' आणि 'सिस्टिम' या तीन आकड्यांच्या दोन वाचनांमधला फरक काढा, दिसलेल्या सगळ्या प्रोसेसच्या फरकांची बेरीज त्यातून वजा करा, आणि उरलेलं यादीच्या तळाशी 'हिशेबात न आलेला वेळ' म्हणून छापा. काही टक्के नेहमीच उरतील, कारण दोन्ही हिशेब ठेवायची पद्धत वेगळी आहे आणि सगळ्या फाइली एकाच क्षणी वाचल्याही जात नाहीत. पण ही ओळ अचानक चाळीस टक्क्यांवर गेली, तर अल्पायुषी प्रोसेसचा लोंढा चालू आहे हे लगेच समजतं.

तो लोंढा कुठून येतो, याचा मागही बऱ्याचदा लागतो. प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या 'स्टॅट'मध्ये सोळाव्या आणि सतराव्या जागी तिच्या संपलेल्या मुलांनी वापरलेला वेळ असतो. मूल संपून पालकानं त्याची दखल घेतली, की तो वेळ पालकाच्या खात्यात जमा होतो. हे दोन आकडे वेगळ्या स्तंभात ठेवले, तर ती शेल स्क्रिप्ट स्वतः जवळजवळ काहीच न वापरताही यादीत वर येते. दिसलेल्या मुलाचा वेळ दोनदा धरला जाऊ नये, म्हणून तो स्वतःच्या वेळात मिसळू नका. नेमकी कोणती कमांड किती वेळा चालली हे हवं असेल, तर ईबीपीएफ या कर्नेलमधल्या सोयीवर चालणारं 'एक्झेकस्नूप' प्रत्येक नवी प्रोसेस सुरू होतानाच टिपतं. त्याला रूटचे अधिकार लागतात आणि ते पाहणीपुरतंच चालवावं.

प्रोसेस येते-जाते म्हटल्यावर तिच्या ओळखीचा प्रश्नही काळाशीच जोडलेला आहे. पीआयडी कायमचा नसतो. लिनक्सची जुनी मर्यादा ३२,७६८ होती, ६४ बिटांच्या यंत्रांवर ती ४१,९४,३०४पर्यंत नेता येते; मर्यादा गाठली की क्रमांक पुन्हा खालून वाटले जातात. गजबजलेल्या यंत्रावर काल पीआयडी ४५१२ असलेला बॅकअप आणि आज ४५१२ असलेला वेबसर्व्हर यांचा काही संबंध नसतो. टूल फक्त पीआयडीवर मागचं वाचन शोधत असेल, तर ते दोघांची वजाबाकी करेल आणि ऋण किंवा अचाट टक्के दाखवेल. पीआयडी आणि सुरू झाल्याची वेळ ही जोडी धरा. 'पीएसयूटिल'ही हेच करते. सुरुवातीची वेळ मागच्या वाचनानंतरची निघाली, तर प्रोसेस नवी आहे आणि तिचा सगळा साचलेला वेळ याच कालावधीतला आहे. तिला रेघ देऊन सोडून द्यायचं कारण नाही. तसंच, यादी घेतली तेव्हा असलेली प्रोसेस तिची फाइल उघडेपर्यंत संपलेली असणं ही रोजचीच गोष्ट. फाइल सापडली नाही तर ती प्रोसेस संपली एवढीच नोंद करून पुढे जा. वाचायची परवानगी नाही ही वेगळी बाब. अशा प्रोसेस किती, ते मोजून दाखवा. या दोन्ही कारणांसह इतर सगळ्याच चुका एका झाकणाखाली गिळून टाकणारं कोड कृपा करून लिहू नका. त्यातून टूल कधी बंद पडत नाही, पण कधी अर्धी यादी दाखवतंय हेही कळत नाही.

मेमरीच्या बाबतीत माझ्या मुद्द्याला तिसरा आक्षेप घेता येईल: मेमरी तर आत्ता किती वापरात आहे तेवढीच मोजायची, तिथे कालावधीचा काय संबंध? एका वाचनात आकडा मिळतो हे मान्य. पण तो कशाचा, हे आधी पाहू. नेहमी दाखवला जाणारा आरएसएस हा आकडा वाटून वापरलेली पानंही प्रत्येकाच्या नावावर पूर्ण मांडतो. पोस्टग्रेसच्या वीस जोडण्यांनी सामाईक बफरमधल्या त्याच दोन जीबींना हात लावला असेल, तर बेरीज चाळीस जीबींवर जाते. यंत्रात सोळाच असले तरी. पीएसएस हा आकडा वाटलेली पानं वाटेकऱ्यांत विभागून मोजतो, म्हणून बेरजेसाठी तोच योग्य. कर्नेल ४.१४पासून 'स्मॅप्स-रोलअप' या फाइलीत तो तयार मिळतो, पण तो काढताना कर्नेलला त्या प्रोसेसची पानं मोजत जावं लागतं. त्यामुळे आरएसएस प्रत्येक फेरीत आणि पीएसएस फक्त वरच्या पाच-दहा प्रोसेससाठी, तेही मिनिटाला एकदा, असा मध्यममार्ग बरा.

आणि काळाचा संबंध इथेही आहेच. दीड जीबी हा आकडा स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो. कॅश भरून दीड जीबीवर स्थिरावलेली प्रोसेस निरोगी असते. तासाला चाळीस एमबीनं न थांबता वाढणारी प्रोसेस आज तीनशे एमबीवर असली तरी मेमरी गळतीचा संशय तिच्यावरच घ्यायला हवा. तेव्हा आकड्याशेजारी गेल्या तासातली वाढ दाखवा, शक्यतो 'आरएसएस-अ‍ॅनॉन' या फाइलींशी न जोडलेल्या भागाची. क्षणिक उसळी दोन वाचनांच्या मधे निसटू शकते, पण मेमरीच्या बाबतीत कर्नेल आपल्याला मदत करतं. 'स्टेटस' फाइलीतली 'व्हीएम-एचडब्ल्यूएम' ही ओळ त्या प्रोसेसचा आजवरचा उच्चांक जपून ठेवते. रात्रीच्या बॅकअपचा प्रश्न याच एका ओळीवर सुटू शकतो. संपूर्ण यंत्राची शिल्लक सांगताना 'मेम-फ्री' घेऊ नका, 'मेम-अव्हेलेबल' घ्या. कॅशसाठी वापरलेली पण मागताच परत मिळणारी मेमरी पहिल्यात धरलेली नसते.

लोड अ‍ॅव्हरेज तर नावापासूनच काळावर उभा आहे. एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे ते तीन आकडे लोक सीपीयूचा भार म्हणून वाचतात. लिनक्समध्ये १९९३पासून त्यात डी अवस्थेतल्या, म्हणजे बहुधा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलींची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. लोड बारा आणि सीपीयू रिकामा, हे दृश्य त्यामुळे शक्य असतं. टूलनं या अवस्थेतल्या प्रोसेस वेगळ्या दाखवाव्यात, पण एकदा दिसली म्हणून ओरडू नये. लागोपाठ चार-पाच वाचनांत तीच प्रोसेस डीमध्येच असेल, तर मात्र डिस्ककडे पाहायची वेळ आली. कर्नेल ४.२०पासून 'प्रेशर' नावाची डिरेक्टरी आणखी थेट उत्तर देते: सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी कामं किती वेळ खोळंबली, ते मायक्रोसेकंदांत साचवत जाते. पुन्हा तीच दोन वाचनांची वजाबाकी.

नोंदी ठेवायच्या म्हटलं की फाइल फुगण्याची भीती असते, आणि ती अनाठायी नाही. तीनशे प्रोसेस, दर दहा सेकंदांनी, ओळीला शंभर बाइट, असं धरलं तर दिवसाला जवळपास २६ लाख ओळी आणि २६० एमबी होतात. सीपीयूत वरच्या दहा आणि मेमरीत वरच्या दहा एवढ्याच लिहिल्या, तर हेच सतरा-अठरा एमबींच्या आत बसतं. फक्त सीपीयूच्या क्रमानं निवडलं, तर शांतपणे मेमरी खाणारी प्रोसेस कधीच नोंदली जाणार नाही, म्हणून दोन्ही क्रम घ्या. प्रत्येक ओळीत प्रत्यक्ष गेलेला कालावधी लिहा. नंतर कुणी कालावधी बदलला तरी जुन्या नोंदी वाचता येतात. वेळेबरोबर वेळपट्टाही लिहा. भाड्याचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात, आणि आपल्याकडची रात्री दोनची घटना तिथे आदल्या दिवशीच्या साडेआठला, म्हणजे २०:३०ला नोंदलेली असते. पट्टा लिहिलेला नसेल, तर तारखेपासूनच शोध चुकतो.

टूल बरोबर मोजतंय हे कसं कळणार? 'टॉप'शी जुळतंय हा पुरावा पुरेसा नाही, कारण त्याचा कालावधी वेगळा असू शकतो. उत्तर आधीच माहीत असलेला भार स्वतः तयार करा. पन्नास मिलिसेकंद गणित आणि पन्नास मिलिसेकंद झोप, असं आलटून पालटून करणारा प्रोग्राम पन्नासच्या आसपास दिसायला हवा. दोनशे एमबी मेमरी मागून तिला हात न लावणारा प्रोग्राम लिहा: आभासी आकार वाढेल, आरएसएस वाढणार नाही, मग त्यात एकेक पान लिहीत गेलात की तोही चढत जाईल. सेकंदाला शंभर छोट्या प्रोसेस सुरू करणारी शेल स्क्रिप्ट चालवा आणि 'हिशेबात न आलेला वेळ' वर जातो का पाहा. हे तीन प्रयोग टूलबरोबरच जपून ठेवा, बदल केल्यावर दरवेळी चालवा. आणि टूलची स्वतःची ओळ यादीतून लपवू नका. स्वतःची फाइल वाचताना ते नेहमीच चालू अवस्थेत दिसेल हे साहजिक आहे, पण त्याचा सीपीयू एका कोअरच्या एक-दोन टक्क्यांवर गेला, तर वाचन कमी करायला हवं.

एक काळजी मोजमापापलीकडची आहे. 'कमांडलाइन' या फाइलीत प्रोसेस कोणत्या पर्यायांसह सुरू झाली ते असतं, आणि लोक त्यात पासवर्ड लिहितात. तो मजकूर नोंदवहीत गेला, की महिनाभर साठलेल्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड शेकडो वेळा उघडा पडलेला असतो. डीफॉल्ट म्हणून फक्त प्रोग्रामचं नाव लिहा, पर्याय गाळा, आणि नोंदीची फाइल इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवा.

शेवटी प्रोसेस बंद करण्याची सोय. पहिल्या आवृत्तीत ती नको, हे माझं ठाम मत. मोजणाऱ्यावर विश्वास बसण्याआधी त्याच्या हाती ही सत्ता देऊ नये. पुढे द्यायचीच झाली, तर एका वाचनावर कधीही नको: मर्यादा सलग काही कालावधींत ओलांडली गेली असेल तरच. संकेत पाठवण्याआधी पीआयडी आणि सुरुवातीची वेळ पुन्हा जुळवून पाहा, कर्नेल ५.३ आणि पायथन ३.९पासून 'पीआयडी-एफडी' वापरून ही शंका मुळातच मिटवता येते. आधी 'टर्म' पाठवा, आवरायला दहा-वीस सेकंद द्या, मगच 'किल'. तरीही प्रोसेस जात नसेल तर तिची अवस्था पाहा. डीमध्ये असेल, तर अडकलेलं काम सुटेपर्यंत बहुधा काही होणार नाही. झेड असेल, तर ती आधीच संपलेली आहे, फक्त तिच्या पालकानं दखल घेतलेली नाही. तिला कितीही संकेत पाठवले तरी उपयोग नाही. अशा ओळीसमोर टूलनं पालकाचा पीआयडी छापावा, कारण दुरुस्ती तिथे करायची असते.